गुलामाचा राजा : एका बुडत्या फुटबॉल क्लबाची कथा

पत्त्यांच्या डावांत ज्या पानाला आपण गुलाम म्हणतों त्याला इंग्रज लोक 'जॅक' म्हणतात. हा जॅक राजाच्या पायरीवर कसा चढला याची कथा सांगणारा एक अनुबोधपट सन २०१४ मध्यें वेल्स देशांत निघाला. मार्क इव्हान्स हे त्याचे दिग्दर्शक आणि 'जॅक टु ए किंग' हें त्याचें नांव. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर 'गुलामाचा राजा'. या नांवांत श्लेष आहे. वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील स्वान्सी शहराच्या रहिवाशांना 'जॅक' असें टोपणनांव आहे. तें तेथील जुन्या खलाशांवरून पडलें असें कोणी म्हणतात, तर कोणी तें एका काळ्या कुत्र्यावरून पडलें असें म्हणतात. सन १९३० नंतरच्या कांहीं वर्षांत जॅक नांवाच्या या कुत्र्यानें तेथील बंदरांत पाण्यांत पडलेल्या २७ जणांना ओढून कांठावर आणिलें अशी कथा आहे, व समुद्रकांठीं त्याचें स्मारकही उभें आहे. बुडणाऱ्याला ओढून काढणें हाच आमच्या लेखाचा विषय आहे. येथें बुडणारा एक फुटबॉल क्लब होता, आणि त्याला ओढून काढणारे त्याचेच प्रेक्षक होते.

अनुबोधपटांत सामान्यतः नटनटींचा पसारा नसतो. ज्यांच्या हातून प्रत्यक्ष गोष्ट घडली तेच लोक पडद्यावर येऊन ती सांगतात, आणि त्यांच्या बोलण्यास जुन्या चित्रफितींची साक्ष जोडलेली असते. हा पटही त्याच जातीचा आहे. परंतु केवळ त्याचें वर्णन करून थांबावें असा आमचा हेतु नाहीं. खेळांतील जयपराजयाच्या कथा पुष्कळ आहेत, व त्या वाचून विसरल्याही जातात. या कथेच्या पोटीं मात्र एक प्रश्न आहे, आणि तो सहजासहजीं विसरतां येत नाहीं. एखादी संस्था खरोखर कोणाची असते? जो तिचें मोल देतो त्याची, कीं जो तिची काळजी वाहतो त्याची? शाळेसारख्या संस्थेंत वाढणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं.

प्रथम त्या शहराची ओळख करून घेऊं. स्वान्सी हें टावे नदीच्या मुखाशीं वसलें आहे; वेल्श भाषेंतील त्याच्या 'आबर्टावे' या नांवाचा अर्थही टावे नदीचें मुख असाच आहे. आसपास कोळशाच्या खाणी आणि पुढ्यांत बंदर, यामुळें १९ व्या शतकांत दूरदूरच्या देशांतून तांब्याची माती जहाजांनीं येथें येई व येथील भट्ट्यांत वितळविली जाई. त्या काळीं जगांतील तांब्याच्या व्यापाराचें हें मोठेंच केंद्र होतें, आणि म्हणून लोक त्याला 'कॉपरोपोलिस', म्हणजे ताम्रनगरी, म्हणत. पुढें तो धंदा ओसरला. सन १९४१ च्या फेब्रुवारींत लागोपाठ तीन रात्रीं जर्मन विमानांनीं बाँबवर्षाव करून शहराचा मध्यभाग बेचिराख केला. त्यानंतरच्या काळांत खाणी व कारखानेही एकामागून एक बंद पडले. वैभव पाहिलेलें आणि वैभव गमावलेलें असें हें कष्टकऱ्यांचें शहर आहे.

या कष्टकऱ्यांची एक संवय मात्र ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. दक्षिण वेल्समधील प्रार्थनामंदिरें बहुधा सरकारच्या किंवा जमीनदाराच्या पैशानें उभीं राहिलीं नाहींत. खाणींतल्या व भट्टीवरच्या मजुरांनीं आपल्या मजुरींतून पेनी पेनी वर्गणी देऊन तीं बांधिलीं. त्यांचीं वाचनालयें व सभागृहेंही अशाच वर्गणींतून झालीं. 'कालोन लान', म्हणजे 'निर्मळ अंतःकरण', हें वेल्समधील अत्यंत लोकप्रिय भक्तिगीत लिहिणारा डॅनियल जेम्स हा स्वान्सीचा रहिवासी असून कारखान्यांत राबणारा मजूर होता, आणि त्याला चाल लावणारा जॉन ह्यूज हाही त्याच शहरांत वाढलेला होता. धनदौलत न मागतां शुद्ध हृदय मागणारें हें गीत पुढें खेळांच्या मैदानांवरही हजारों कंठांतून गाइलें जाऊं लागलें. देवळाची वर्गणी देणारा आणि मैदानावर गाणारा मनुष्य तेथें एकच होता. म्हणून पुढें क्लबावर संकट आलें तेव्हां लोकांना वर्गणीची पेटी आठवली यांत आम्हांस नवल वाटत नाहीं.

स्वान्सी क्लबाची स्थापना सन १९१२ मध्यें झाली. त्याचें मैदान 'वेच फील्ड' या नांवानें प्रसिद्ध होतें. वेच ही गुरांच्या वैरणीसाठीं पेरतात अशी एक शेंगाळू वनस्पति आहे. ती या जागेवर होत असे म्हणून हें नांव पडलें. मैदान शहराच्या अगदीं वस्तींत, घरांच्या रांगांनीं वेढलेलें होतें.

आतां कथेचें मर्म कळण्यासाठीं तेथील सामन्यांची रचना थोडी समजून घ्यावी लागेल. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलची साखळी म्हणजे चार पायऱ्यांचा एक जिना आहे, आणि वेल्समधील कांहीं क्लबही त्याच जिन्यावर खेळतात. चारही पायऱ्या मिळून ९२ क्लब असतात. प्रत्येक हंगामाच्या शेवटीं वरचे कांहीं क्लब एक पायरी चढतात व तळाचे कांहीं उतरतात. चौथ्या पायरीवरून जो उतरला तो जिन्याच्याच बाहेर पडतो. तेथें प्रेक्षक कमी, उत्पन्न कमी, आणि परत वर येण्याची वाट अरुंद. कर्जांत बुडालेल्या क्लबाला अशी उतरण म्हणजे बहुधा मरणच होय.

या जिन्यावर स्वान्सीनें जितके चढउतार पाहिले तितके क्वचितच दुसऱ्या कोणी पाहिले असतील. सन १९७८ मध्यें जॉन टोशॅक हा अवघ्या २८ वर्षांचा नामांकित खेळाडू क्लबाचा व्यवस्थापक झाला. त्या वेळीं क्लब चौथ्या पायरीवर होता. सन १९७८, १९७९ व १९८१ अशा तीन वर्षीं बढती मिळवीत तो पहिल्या पायरीवर जाऊन बसला, आणि तेथील पहिल्याच हंगामांत सहावा आला. परंतु चढण्यासाठीं जो पैसा ओतला होता तो उसना होता. सन १९८३, १९८४ व १९८६ अशा तीन घसरणींत क्लब पुन्हां चौथ्या पायरीवर आला. मध्यंतरीं सन १९८५ च्या डिसेंबरांत तर न्यायालयानें क्लब मोडीत काढण्याचा हुकूम दिला होता. स्थानिक व्यापाऱ्यांनीं धांव घेतली म्हणून तो कसाबसा तगला. अंथरूण पाहून पाय पसरावे हा धडा क्लबाला असा महाग पडला, आणि तरी तो पूर्णपणें शिकला गेला नव्हता.

खरी कसोटी सन २००१ मध्यें आली. क्लबाची मालकी तेव्हां लंडनच्या एका कंपनीकडे होती. संघ चौथ्या पायरीवर उतरला होता आणि कर्ज वाढत होतें. कंपनीनें कंटाळून क्लब एका पाउंडास विकून टाकला. घेणाऱ्यानें कांहीं महिन्यांतच, ऑक्टोबरमध्यें, तो ऑस्ट्रेलियांत राहणाऱ्या एका व्यापाऱ्यास पुन्हां एकाच पाउंडास दिला. जवळजवळ नव्वद वर्षांची संस्था एका पाउंडास कशी विकली जाते, असें विद्यार्थी विचारतील. याचें उत्तर हिशेबाच्या वहींत आहे. जेव्हां मालमत्तेहून कर्ज अधिक होतें तेव्हां वस्तूची किंमत शून्याखालीं जाते; दिलेला पाउंड हा केवळ कायद्याच्या समाधानापुरता असतो, खरी किंमत म्हणजे डोक्यावर घेतलेलें ओझें. नव्या मालकानें ओझें हलकें करण्याचा जो मार्ग धरिला तो असा: सात खेळाडूंना घरीं जाण्यास सांगितलें, आणि आणखी आठांना वेतन कमी करून घेण्यास फर्माविलें. खेळाडूंची व्यावसायिक संघटना त्यांच्या पाठीशीं उभी राहिली. शहरांत संतापाची लाट उसळली.

संतापाची लाट उसळणें सोपें असतें व ओसरणेंही सोपें असतें. या अनुबोधपटाचा सर्वांत बोधप्रद भाग आमच्या मतें येथें आहे, कारण स्वान्सीच्या लोकांनीं संतापाला बांध घालून त्याचें तळें केलें. त्या उन्हाळ्यांतच कांहीं प्रेक्षकांनीं एकत्र येऊन एक मंडळ स्थापिलें होतें. त्याला तेथें 'सपोर्टर्स ट्रस्ट' म्हणत. कायद्यानें पाहिलें तर ती एक सहकारी संस्था होती. महाराष्ट्रांतील वाचकांना हें निराळें सांगावयास नको. आपल्या गांवोगांवच्या पतपेढ्या व दूधसंस्था ज्या नियमानें चालतात तोच हा नियम, 'एक सभासद, एक मत'. व्यापारी कंपनींत ज्याचे भाग शंभर त्याचीं मतें शंभर. सहकारी संस्थेंत श्रीमंताचें एक मत व गरिबाचेंही एकच. कारखान्यांतला कामगार, दुकानदार, शाळामास्तर, निवृत्त झालेली आजी, ज्यानें वार्षिक वर्गणी भरली तो सभासद झाला. मैदानाच्या दारांशीं बादल्या घेऊन स्वयंसेवक उभे राहिले व येणाऱ्याजाणाऱ्यांनीं त्यांत नाणीं टाकिलीं. थेंबें थेंबें तळें सांचे तें असें. शुभवर्तमानांतील विधवेनें भांडारांत टाकलेल्या दमडीची आठवण आम्हांस येथें झाल्यावांचून राहत नाहीं; रकमेच्या आकड्यानें तिचें मोल कधींच ठरलें नव्हतें.

परंतु दमडीनेंच सर्व काम भागलें असें म्हणणें सत्याला धरून होणार नाहीं. क्लब विकत घेण्यासाठीं मोठ्या रकमाही लागत होत्या, आणि व्यवहारज्ञानही लागत होतें. मेल नर्स हे क्लबाचे जुने खेळाडू. स्वान्सींतच जन्मलेले, वेल्सच्या राष्ट्रीय संघांतून खेळलेले, व पुढें त्याच शहरांत हॉटेलांचा धंदा करणारे. पूर्वीच्या लंडनच्या मालक कंपनीचें सुमारें ८ लक्ष पाउंडांचें येणें क्लबाकडे होतें. नर्स यांनीं पदरचे पैसे घालून त्या कंपनीकडून तें येणें आपल्या नांवावर करून घेतलें. वरवर पाहतां हा वेडेपणा दिसेल. बुडीत कर्ज विकत कोण घेतो? पण या एका व्यवहारानें ते क्लबाचे मोठे घेणेकरी झाले, आणि घेणेकऱ्याचें म्हणणें मालकाला ऐकून घ्यावेंच लागतें. वर्तमानपत्रें, न्यायालय, रस्त्यांवरील निदर्शनें व हा कर्जाचा फांस, या चारी बाजूंनीं दाब पडून सन २००२ च्या जानेवारींत मालकानें क्लब सोडला. तो ज्यांच्या हातीं आला त्यांत कांहीं स्थानिक धंदेवाले होते, हॉलंडमधील जॉन फान झ्वेडेन यांच्यासारखे दूरचे पण क्लबावर जीव असणारे व्यापारी होते, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून प्रेक्षकांचें मंडळही होतें. मंडळाचा वांटा पुढें सुमारें पांचवा हिस्सा, म्हणजे २१ टक्क्यांच्या घरांत, स्थिरावला व त्याचा प्रतिनिधि संचालकांत बसूं लागला. अध्यक्षपद ह्यू जेंकिन्स या, लहानपणापासून क्लबाचे सामने पाहत आलेल्या गृहस्थांकडे आलें. जुन्या घेणेकऱ्यांशीं तडजोड करून कर्जाची गांठ सोडविण्यांत आली.

गांव करी तें राव न करी, अशी आपली म्हण आहे. येथें गांवानें क्लब घेतला खरा, पण संघ अजून हरतच होता. सन २००२-०३ च्या हंगामांत एक वेळ अशी आली कीं, ९२ क्लबांच्या जिन्यावर स्वान्सी अगदीं शेवटला होता. त्याच वर्षापासून तळाच्या एकाऐवजीं दोन क्लबांना बाहेर काढण्याचा नियम झाला होता. तेव्हां धोका दुप्पट. हंगाम शेवटच्या दिवसापर्यंत आला. ता. ३ मे २००३, शनिवार. सामना घरच्या मैदानावर, हल सिटी या क्लबाशीं.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठीं त्या दिवसाचा हिशेब सांगतों. जिंकल्यास तीन गुण, बरोबरी झाल्यास एक, हरल्यास शून्य. स्वान्सीच्या खात्यावर ४६ गुण होते आणि एक्झेटर या प्रतिस्पर्ध्याच्या खात्यावर ४५. एक्झेटरनें त्या दिवशीं आपला सामना जिंकला व त्याचे ४८ झाले. म्हणजे स्वान्सीला बरोबरीनेंही भागणार नव्हतें. ४७ वर थांबणें म्हणजे बुडणें. जिंकणें हा एकच मार्ग होता.

जेम्स थॉमस हा स्वान्सीचाच, क्लबाचें नांव घेत वाढलेला तरुण त्या दिवशीं आघाडीस होता. आरंभींच पेनल्टी मिळाली व त्यानें गोल केला. पण हल सिटीनें लवकरच बरोबरी केली, आणि मग दुसरा गोल करून पुढेंही गेली. मैदानावर सुतकी शांतता पसरली असेल तर नवल नाहीं. मध्यांतराच्या तोंडावर पुन्हां पेनल्टी मिळाली, पुन्हां थॉमस पुढें झाला, आणि दोन दोन अशी बरोबरी झाली. मध्यांतरानंतर लेनी जॉनरोज यानें तिसरा गोल केला. त्यानंतर थॉमसनें चेंडू गोलरक्षकाच्या डोक्यावरून अलगद उचलून जाळ्यांत टाकिला व सामना ४-२ असा संपविला. स्वान्सीचे गुण ४९ झाले. एक्झेटर एका गुणानें जिन्याबाहेर गेला.

खेळाच्या इतिहासांत याहून मोठे सामने शेंकड्यांनीं झाले आहेत. या सामन्यांत ना चषक होता ना पदक. केवळ होतें तें राखण्याचा हा सामना होता. तरीही क्लबाच्या पुढील सर्व वैभवाचा पाया याच दिवशीं घातला गेला. या जेम्स थॉमसला दुखापतीमुळें लवकरच खेळ सोडावा लागला, आणि पुढें तो रुग्णवाहिकेच्या सेवेंत रुजू झाला. क्लबाला मरणाच्या दारांतून ओढून काढणारा तरुण पुढें रुग्णांना दवाखान्यांत पोंचवूं लागला, हें आम्हांस फार बोलकें वाटतें.

त्यानंतरची चढण सावकाश पण निश्चित होती. सन २००५ मध्यें क्लब तिसऱ्या पायरीवर आला. त्याच वर्षीं त्यानें जुनें वेच फील्ड सोडलें व नगरपालिकेनें बांधलेल्या, सुमारें २०,००० प्रेक्षकांच्या 'लिबर्टी' या नव्या क्रीडांगणांत तो खेळूं लागला. हें क्रीडांगण जेथें तांब्याचे जुने कारखाने होते त्याच भागांत उभें राहिलें. सन २००८ मध्यें रॉबेर्तो मार्तिनेझ या स्पॅनिश व्यवस्थापकाच्या हाताखालीं क्लब दुसऱ्या पायरीवर गेला. चेंडू उंच भिरकावून त्याच्यामागें धांवण्याऐवजीं तो जमिनीलगत एकमेकांकडे देत, धीरानें वाट काढीत पुढें न्यावयाचा, ही रीति त्यानें रुजविली, आणि त्याच्यामागून आलेल्यांनीं ती मोडली नाहीं. खर्चाच्या बाबतींतही हाच धीर होता. प्रेक्षकांचा प्रतिनिधि संचालकांच्या टेबलाशीं बसत असल्यामुळें उधारीच्या पैशावर उडी मारण्याचा मोह आवरला गेला, असें म्हणण्यास जागा आहे. टोशॅकच्या वेळचा धडा आतां कोठें पाठ झाला होता.

सन २०११ च्या मे महिन्याच्या ३० तारखेस लंडनच्या वेंब्ली मैदानावर स्वान्सीनें रेडिंग क्लबाचा ४-२ असा पराभव केला. आठ वर्षांपूर्वींच्या त्या सामन्याचा आंकडाही हाच होता, आणि येथेंही एकाच खेळाडूनें, स्कॉट सिंक्लेर यानें, तीन गोल केले. या विजयानें स्वान्सी हा सन १९९२ मध्यें सुरू झालेल्या प्रीमियर लीगमध्यें पोंचणारा वेल्समधील पहिलाच क्लब ठरला. त्या संघांत लिऑन ब्रिटन हा ठेंगणा खेळाडू होता. तो सन २००२ च्या अखेरीस, क्लब तळाशीं असतांना, उसना म्हणून आला होता. हल सिटीविरुद्धच्या सामन्यांत तो खेळला होता, आणि पुढें स्वान्सीकडून चारही पायऱ्यांवर खेळण्याचा मान त्याला मिळाला. सन २०१३ च्या फेब्रुवारींत, क्लबाच्या शंभराव्या हंगामाच्या सुमारास, स्वान्सीनें लीग कपाच्या अंतिम सामन्यांत ब्रॅडफर्ड सिटीचा ५-० असा पराभव करून आपला पहिला मोठा चषक मिळविला. ब्रॅडफर्ड तेव्हां चौथ्या पायरीवर होता. म्हणजे दहा वर्षांपूर्वीं स्वान्सी जेथें बुडत होता तेथून तो वेंब्लीपर्यंत आला होता. विजेत्यांपैकीं ज्यांना जुने दिवस आठवत होते त्यांना त्या हरलेल्या संघांत आपलेंच जुनें रूप दिसलें असेल.

अनुबोधपट या राजपदाच्या आनंदांत आपल्याला सोडून देतो, आणि नांवच 'गुलामाचा राजा' असल्यामुळें त्याला तेथेंच थांबणें भाग होतें. परंतु सत्य पडद्याबरोबर संपत नाहीं. पुढचा भाग सांगितल्यावांचून हा लेख पुरा केला तर आम्ही विद्यार्थ्यांना अर्धाच धडा दिल्यासारखें होईल.

सन २०१६ मध्यें क्लबाचे सुमारें ६८ टक्के भाग अमेरिकेंतील भांडवलदारांनीं विकत घेतले. विकणाऱ्यांत, सन २००२ मध्यें ज्यांनीं क्लबाला हात दिला त्यांपैकींही कांहीं जण होते. प्रेक्षकांच्या मंडळानें आपला वांटा तेव्हां विकला नाहीं; पण या व्यवहारांत आपणांस विश्वासांत घेतलें गेलें नाहीं अशी त्याची तक्रार होती. तो वाद कायद्याच्या दारापर्यंत गेला व सन २०२२ मध्यें तडजोडीनें मिटला. दरम्यान सन २०१८ मध्यें, सात हंगाम पहिल्या पायरीवर काढून, संघ दुसऱ्या पायरीवर उतरला होता. ज्यांनीं भाग विकले त्यांना दोष देण्याचा आमचा अधिकार नाहीं. त्यांनीं संकटांत आपला पैसा घातला होता, तो बुडण्याचीच शक्यता अधिक होती, आणि आपली वस्तु विकण्यास कायद्यानें ते मुखत्यार होते. तथापि जें बांधण्यास सर्व गांव लागलें तें विकण्यास थोड्याशा सह्या पुरल्या, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे येऊं. संस्था कोणाची? कागदावर पाहिलें तर ज्याच्या नांवावर भाग त्याची. पण शुभवर्तमानांत मेंढपाळ व मोलकरी यांचा जो दृष्टान्त आहे तो वेगळा कस लावतो. लांडगा येतांना पाहून कोण पळतो व कोण उभा राहतो, यावरून मेंढरें कोणाचीं तें ठरतें. सन २००१ मध्यें लांडगा आला तेव्हां कागदावरचे मालक एका पाउंडास क्लब टाकून निघून गेले, आणि ज्यांच्या नांवावर कांहींच नव्हतें ते बादल्या घेऊन दाराशीं उभे राहिले. त्या दिवशीं क्लब त्यांचा झाला. कागद मागाहून आला.

मात्र या कथेची दुसरी शिकवण पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. केवळ प्रेम पुरत नाहीं. स्वान्सीचे प्रेक्षक नुसतेच रडले किंवा ओरडले असते तर क्लब वांचला नसता. त्यांनीं मंडळ नोंदविलें, सभासदांची यादी ठेविली, निवडणुका घेतल्या, हिशेब मांडले, कायदा वाचला. आणि जेथें त्यांचें बळ कमी पडलें तेथेंही तें प्रेमाच्या अभावानें कमी पडलें नाहीं. पांचव्या हिश्शाच्या मालकीनें उरलेल्या चार हिश्शांची विक्री थांबवितां येत नाहीं, हें साधें अंकगणित त्यांच्या आड आलें. म्हणून ज्यांना आपल्या संस्था प्रिय आहेत त्यांनीं त्या संस्थांचे नियम, त्यांच्या वह्या व त्यांच्या सभा यांकडे दुर्लक्ष करूं नये. संकटाच्या दिवशीं धांवून येणारे पुष्कळ मिळतात. सुखाच्या दिवसांत वार्षिक सभेस येऊन हिशेब ऐकणारे थोडे असतात, आणि संस्था बहुधा अशा सुखाच्या दिवसांतच हातच्या जातात.

जुन्या वेच फील्डचें पुढें काय झालें हें सांगून लेख पुरा करितों. क्लब निघून गेल्यावर तें मैदान ओसाड पडलें, व सन २०११ मध्यें, म्हणजे वेंब्लीच्या विजयाच्याच वर्षीं, त्याच्या भिंती व छपरें पाडण्यांत आलीं. त्या जागेच्या एका भागांत आसपासच्या रहिवाशांनीं वाफे आंखून भाजीपाला लाविला. ज्या जागेला एका शेंगाळू वनस्पतीचें नांव होतें तेथें पुन्हां शेंगा लागूं लागल्या. ज्यांनीं क्लबासाठीं दारोदार वर्गणी गोळा केली त्यांपैकीं कोणी तेथें फावडें घेऊन वांकले असतील तर त्यांच्या हातांना तें काम नवें वाटलें नसेल.

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या शाळा, वाचनालयें, देवळें, पतपेढ्या व खेळांचीं मंडळें हीं सर्व कोणीतरी पूर्वीं अशाच दमड्यांनीं उभारिलीं आहेत. त्यांच्या भिंतींवर देणगीदारांच्या नांवांच्या ज्या फरश्या बसविलेल्या असतात त्यांत दमडी देणाऱ्यांचीं नांवें नसतात. या संस्था पुढें कोणाच्या राहतील, याचें उत्तर एखाद्या दूरच्या धनिकाच्या मर्जीवर जितकें अवलंबून आहे त्याहून अधिक तें तुम्ही मोठे झाल्यावर वर्गणीच्या पावतीवर आणि सभेच्या हजेरीपटावर आपलें नांव लिहितां कीं नाहीं, यावर अवलंबून राहील.